चेक इंजिनचा दिवा लागला? पार्ट बदलण्याआधी तक्रार वाचा

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल यायला लागल्यापासून नाशिकच्या पंपांवर आणि गॅरेजांत एक वाक्य सारखं कानावर पडतं: "ई२०नं गाडीची वाट लावली, बघा, दिवा लागला." कधी ते खरं असतं, बऱ्याचदा नसतं. पण डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की माणूस गोंधळतो. आवाज नाही, धूर नाही, गाडी तर चालतेय, मग हा दिवा कशाचा? कुणी सांगतं बॅटरीचं टर्मिनल काढून परत लाव. कुणी सांगतं सेन्सर बदलून टाक. कुणी म्हणतं सोड, चालवत राहा. तिन्ही सल्ले महागात पडू शकतात. त्यातला पहिला सगळ्यात जास्त दिला जातो, कारण तो फुकटचा वाटतो.

हा दिवा घरच्या घरी वाचता येतो, आणि तो प्रत्येक गाडीमालकानं वाचावा असं मला मनापासून वाटतं. दुरुस्ती स्वतः करायची की नाही हा पुढचा प्रश्न. पण गॅरेजच्या दारात जाताना आपल्या गाडीची तक्रार काय आहे हे माहीत असलं, तर विनाकारण बदलल्या जाणाऱ्या पार्टचे पैसे नक्की वाचतात.

## दिवा लावतं कोण?

आजच्या प्रत्येक गाडीत इंजिन सांभाळणारा एक छोटा संगणक असतो, त्याला ईसीयू म्हणतात. इंजिनात हवा किती शिरली, पाणी किती तापलं, सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला, अशी माहिती त्याला सेन्सर सतत पुरवत असतात. त्या माहितीवरून पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची हे तो ठरवतो. एखादा आकडा अपेक्षेबाहेर गेला आणि तसाच राहिला, की तो एक कोड नोंदवतो आणि दिवा लावतो. बहुतेक दोष एकदाच दिसले म्हणून दिवा लागत नाही. सलग दुसऱ्या फेरीतही, म्हणजे गाडी पुन्हा सुरू करून चालवल्यावरही, तेच दिसलं तरच लागतो.

या व्यवस्थेला ओबीडी म्हणतात, म्हणजे गाडीनं स्वतःची स्वतः केलेली तपासणी. आपल्याकडे चारचाकी गाड्यांना तिचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि जास्त कडक असलेला दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून. पुढे एप्रिल २०२० मध्ये बीएस६ हे धुराच्या मर्यादांचं नवं मानक आलं आणि नियम आणखी आवळले गेले. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. हा दिवा जन्माला आला तो प्रदूषणाच्या कायद्यातून. पिकअप कमी झाला, गाडी धक्के मारते, असल्या गोष्टी सांगण्यासाठी तो मुळात नाहीच. धूर ठरलेल्या मर्यादेपलीकडे घाण होऊ शकतो अशी शंका आली तरी तो लागतो. म्हणून गाडी मख्खनासारखी पळत असतानाही तो लागू शकतो, आणि तेव्हाही तो खोटं बोलत नसतो.

## स्थिर, लुकलुकणारा आणि लाल

दिवा पिवळा आणि स्थिर असेल तर घाबरायचं कारण नाही. दोन-चार दिवसांत वाचून घ्या, तोवर गाडी जपून चालवा.

दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी. त्याचा अर्थ जवळजवळ नेहमी एकच: इंजिन जोरात मिसिंग करतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये. ते न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. या कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा लेप दिलेली जाळी असते. ती अति तापली की वितळते, आणि मग काही हजारांची, ठिणगीसाठी वीज पुरवणारी कॉइल दुरुस्त न केल्याचा दंड त्याच्या कितीतरी पट होतो. मुंबईहून येताना कसारा घाटात दिवा लुकलुकायला लागला, तर ॲक्सिलरेटरवरून पाय हलका करा आणि वळण टाळून जिथे सुरक्षित जागा मिळेल तिथे बाजूला थांबा. "इगतपुरीपर्यंत ओढून नेऊ" असं म्हणू नका.

लाल दिवे, म्हणजे ऑइलच्या कॅनचा किंवा तापमानाचा, ही या लेखाची बाब नाही. ते लागले की इंजिन ताबडतोब बंद करायचं.

## वाचायचं कसं?

स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यांजवळ, १६ पिनांचं एक सॉकेट असतं. काही गाड्यांत त्यावर झाकण असतं. त्यात बसणारा ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर काही शे रुपयांपासून दीड-दोन हजारांपर्यंत मिळतो. मोबाइलवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप घ्यायचं. आयफोन असेल तर वायफायवर किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवर चालणारा स्कॅनर बघून घ्या, साधा ब्लूटूथवाला त्याला जोडला जात नाही. स्कॅनर लावा, चावी ऑन करा आणि कोड वाचा. काम झालं की स्कॅनर काढून ठेवा. त्या सॉकेटला बॅटरीचा करंट सतत असतो, त्यामुळे स्कॅनर तसाच राहिला आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरते.

कोड असा दिसतो: पी०३०१. सुरुवातीचा 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स. त्यानंतरचं शून्य म्हणजे हा कोड सगळ्या कंपन्यांत सारखा, एक असेल तर बहुधा त्या कंपनीचा खास. तिसरी जागा विभाग सांगते: १ आणि २ म्हणजे हवा-इंधन, ३ म्हणजे ठिणगी आणि मिसिंग, ४ म्हणजे धूर स्वच्छ करणारी उपकरणं. शेवटचे दोन आकडे नेमकी तक्रार सांगतात. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग.

## कोड म्हणजे निकाल नव्हे

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो इथे. स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सरचं नाव दिसतं आणि सेन्सर बदलला जातो. आठवड्यानं दिवा परत लागतो.

पोलीस ठाण्यात एफआयआर दाखल झाला म्हणजे गुन्हा सिद्ध होत नाही. कुणीतरी काहीतरी पाहिलं आणि तक्रार नोंदवली, एवढंच त्यातून कळतं. कोड हा तसा एफआयआर आहे. ऑक्सिजन सेन्सर म्हणतोय की धुरात ऑक्सिजन जास्त आहे. तो तक्रारदार आहे, आरोपी नाही. खरा दोष हवेच्या फुटलेल्या पाइपात असू शकतो, आणि तक्रारदाराला बदलून पाइप जोडला जात नाही.

एफआयआरसोबत पंचनामाही असतो. कोड नोंदवला त्या क्षणी गाडीचा वेग किती होता, आरपीएम किती, पाणी किती गरम, इंजिनवर भार किती, हे सगळं ईसीयू साठवून ठेवतो. ॲपमध्ये ते 'फ्रीझ फ्रेम' या नावाखाली सापडतं. समजा त्यात वेग शून्य, पाण्याचं तापमान १४ अंश आणि आरपीएम सातशेच्या आसपास आहे. म्हणजे तक्रार थंडीतल्या सकाळी, गाडी नुकतीच सुरू झालेली असतानाची आहे. समजा भार ८५ टक्के आणि आरपीएम तीन हजारांवर आहेत. म्हणजे ती चढावरची आहे. एकाच कोडच्या या दोन पंचनाम्यांवरून शोधाची दिशा पूर्ण बदलते.

आता बॅटरीचं टर्मिनल काढण्याचा सल्ला आठवा. त्यानं दिवा जातो, कोड जातो आणि पंचनामाही जातो. दोष मात्र जागच्या जागी राहतो. ॲपमधलं 'क्लिअर' बटणही तेच करतं. म्हणून आधी कोडचा आणि फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट घ्या, मग बाकी सगळं.

## घरी काय बघता येतं

सुरुवात बॅटरीपासून करा, कोड कुठलाही असो. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम दिसले तर शंका बॅटरीचीच घ्यायची. निफाडचा पारा खाली घसरतो त्या दिवसांत थकलेली बॅटरी स्टार्टरला करंट देताना इतकी खाली येते, की सेन्सरांना धड वीज मिळत नाही आणि ते भलतंसलतं सांगतात. इंजिन बंद करून गाडी काही तास उभी राहिल्यावर मल्टिमीटरवर १२.४ ते १२.६ व्होल्ट दिसायला हवेत, इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर ती साफ करून टर्मिनल घट्ट बसवा. पंचनाम्याचे फोटो घेतल्यानंतरच, हे विसरू नका.

मग बॉनेट उघडून नुसतं पाहा. कुरतडलेली वायर, सुटलेला पाइप, नीट न बसलेली क्लिप. पावसाळ्यात पार्किंगमधल्या गाडीच्या उबेला उंदीर येतात, शेताकडेला किंवा द्राक्षबागेजवळ घर असेल तर बारा महिने येतात. त्यांनी सेन्सरची वायर तोडलेली असेल तर कोड सेन्सरचाच येतो आणि सेन्सर निर्दोष असतो. अशी वायर पीळ देऊन, वर टेप गुंडाळून जोडू नका. चांगल्या वायरमनकडून सोल्डर करून, वर उष्णतेनं आवळणारी नळी घालून घ्या.

नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल तर एअर फिल्टरचा डबा आणि त्याच्या क्लिपा आधी बघा. सर्व्हिसिंगनंतर लागणाऱ्या दिव्याचं कारण पुष्कळदा तिथेच सापडतं.

मिसिंगचा कोड, म्हणजे पी०३०१ ते पी०३०४, हा घरी तपासायला सगळ्यात समाधान देणारा. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत प्रत्येक सिलिंडरच्या प्लगवर एक स्वतंत्र कॉइल बसवलेली असते. इंजिन पूर्ण थंड झालं की, चावी काढून, पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर लावा. कोड पुसून गाडी थोडी फिरवा. आता कोड पी०३०२ झाला तर दोष कॉइलसोबत सरकला, म्हणजे कॉइलच गेलीय. पी०३०१च राहिला तर कॉइल निर्दोष, आता प्लग तसाच अदलाबदल करून बघा. तिथेही कोड हलला नाही तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन, आणि ते काम मेकॅनिकचं. या तपासाला एक पैसाही लागत नाही.

एक खास आपल्याकडचं कारण सांगतो. दसऱ्याला पूजेआधी गाडी धुताना इंजिनवरही प्रेशरनं पाणी मारलं जातं. ते कॉइलच्या खोबणीत साचतं आणि संध्याकाळी गाडी मिसिंग करायला लागते. अशा वेळी काहीही विकत घेऊ नका. कॉइल काढून खोबण कोरडी करा, कॉइल वाळू द्या. इंजिन ओल्या फडक्यानंही स्वच्छ होतं, तिथे प्रेशरचं पाणी नकोच.

पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. इथे ॲपमधला 'फ्युएल ट्रिम' हा आकडा कामाला येतो. ईसीयूनं मूळ हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवलं किंवा घटवलं ते त्यातून कळतं. अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. गाडी उभी असताना आकडा खूप वर आणि आरपीएम अडीच हजारांवर नेल्यावर तो खाली येत असेल, तर कुठूनतरी चोरून हवा शिरतेय. रबरी पाइप हातानं वाकवून चिरा बघा, फुसफुस आवाज ऐका. (ज्या लहान गाड्यांत हवेचा अंदाज दाबावरून घेतला जातो, त्यांत अशा गळतीनं आकड्यापेक्षा उभ्या गाडीतले (आयडलचे) आरपीएम वाढलेले दिसतात.) उलट उभ्या गाडीत आकडा ठीक आणि राहुड घाटासारख्या चढावर तो वाढत जात असेल, तर पेट्रोलच कमी पोचतंय, म्हणजे पंप किंवा फिल्टर बघायचा. चालत्या गाडीत मोबाइल शेजारच्याच्या हातात द्या. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असेल तर काही दिवस फक्त पेट्रोलवर चालवून आकडा परत बघा. पेट्रोलवर तो नीट झाला तर किटचं ट्युनिंग करून घ्यायचं आहे.

पी०४२० म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही अशी तक्रार. हा कोड ऐकून कन्व्हर्टर बदलायला कधीही घाई करू नये. आधी मिसिंग नाही ना, सायलेन्सरच्या पुढच्या भागात कुठे धूर गळत नाही ना, मागचा ऑक्सिजन सेन्सर ठीक आहे ना, हे तपासून घ्यावं.

अमेरिकेतल्या व्हिडिओंत पहिला सल्ला असतो पेट्रोलचं झाकण घट्ट करण्याचा. तिथल्या नियमांनुसार टाकीतून वाफ गळते का हे गाडी स्वतः तपासते. आपले नियम युरोपच्या वळणावरचे आहेत आणि इथल्या अनेक गाड्यांत ती तपासणीच नाही. झाकण घट्ट असावं हे खरं, पण दिवा विझायची वाट त्यावर बघू नका.

## डिझेलवाल्यांसाठी

बीएस६ डिझेल गाडीत काजळी अडवणारी एक जाळी असते, डीपीएफ. ती भरली की ईसीयू जास्तीचं डिझेल वापरून जाळीचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतो आणि काजळी जाळतो. त्याला सलग, मोकळा रस्ता लागतो. शहरातल्या शहरात, गंगापूर रोड ते सीबीएस आणि परत एवढंच रोजचं चालवणं असेल, तर हे काम दर वेळी अर्ध्यावर राहतं. डीपीएफचा वेगळा दिवा लागला की पुस्तिकेत दिल्याप्रमाणे, सहसा ओझर-पिंपळगावच्या दिशेनं हायवेवर वीसेक मिनिटं एकसारख्या वेगानं गाडी चालवली की भागतं. पण त्याच्यासोबत इंजिनचा दिवाही लागला असेल तर ती वेळ निघून गेलेली असते. मग पळवून उपयोग नाही, सर्व्हिस सेंटर गाठा.

## मग इथेनॉलचं काय?

निव्वळ पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळायला वजनानं साधारण १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून १० टक्के मिश्रणाला हे प्रमाण सुमारे १४.१ होतं आणि २० टक्क्यांना सुमारे १३.५. म्हणजे ई१०साठी बनवलेल्या गाडीत ई२० भरलं तर ईसीयूला चारेक टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. ट्रिम साधारण २० ते २५ टक्क्यांपलीकडे गेल्यावर दिवा लागतो. तेव्हा धडधाकट गाडीत हे चार टक्के सहज पचतात.

पण ज्या गाडीत पाइपाला बारीक चीर होती आणि ट्रिम आधीच १८ वर होता, तिला हे चार टक्के काठावरून पलीकडे ढकलू शकतात. तिथे "ई२० भरलं आणि दिवा लागला" हे म्हणणं चुकीचं नाही, पण दुरुस्त करायची ती चीरच. जुन्या गाड्यांमधले रबर आणि सील, कमी झालेलं एव्हरेज, या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांवर बोललंच पाहिजे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत त्रास संभवतो हेही खरं. मात्र दिव्याबद्दल बोलायचं तर ट्रिमचा आकडा दाखवा. तो पुरावा आहे.

## "पीयूसी पास आहे, मग दिवा खोटाच ना?"

नाही. पीयूसीत पेट्रोल गाडी उभी असताना धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेलला धुराचा दाटपणा. चढावर, वेगात, थंड इंजिनावर काय होतं ते तिथे दिसत नाही. ईसीयू मात्र पूर्ण प्रवासभर बघत असतो.

वॉरंटीची भीतीही अनेकांना वाटते. कोड नुसता वाचल्यानं गाडीत काहीच बदलत नाही. वायर कापणं, ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलणं, बाहेरचं वायरिंग जोडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी वॉरंटीत असेल तर वाचा, स्क्रीनशॉट घ्या आणि कशालाही हात न लावता सर्व्हिस सेंटरला द्या. "दिवा लागलाय, बघा काय ते" असं सांगण्याऐवजी "हा कोड आहे, चढावर आला, कारण दाखवा आणि मगच पार्ट बदला" असं सांगा. चांगल्या मेकॅनिकला असं गिऱ्हाईक आवडतं. सातपूर-अंबडच्या या पट्ट्यात कारखान्यांत इंजिनांवर हात बसलेली माणसं पुष्कळ आहेत, आणि नेमकी माहिती दिली तर ती नेमकं काम करून देतात.

## इथे थांबायचं

डिझेलच्या कॉमन रेल पाइपात, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, दाब १,६०० बारच्या वर जातो, त्यातली बारीक चिळकांडी कातडीत घुसते. सीएनजीच्या टाकीत २०० बार असतात. हायब्रिड गाडीतल्या नारिंगी केबल आणि एअरबॅगचे पिवळे कनेक्टर, यांना घरी हात लावायचा नाही. पेट्रोलची लाइन सोडणं, तापलेल्या इंजिनावर गळती शोधायला स्प्रे मारणं, हेही नाही.

## दुरुस्ती झाली हे कधी मानायचं?

दिवा विझला यावर नाही. पार्ट बदलून कोड पुसला की दिवा तसाही विझणारच. इंजिन रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी गाडी सुरू करून थोडी गर्दीत आणि थोडी हायवेवर चालवा, असं दोन-तीन दिवस करा. मग ॲपमध्ये 'पेंडिंग' कोड बघा. दिवा लागण्याआधीची कच्ची नोंद तिथे असते. 'रेडिनेस'च्या यादीत सगळ्या तपासण्या पूर्ण झालेल्या दिसल्या, पेंडिंग रिकामं असलं आणि ट्रिम शून्याजवळ आला, तर दोष गेला. कोड न पुसता नुसती दुरुस्ती केली तरी चालतं. सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर ईसीयू दिवा स्वतःच विझवतो आणि इंजिन चाळीस वेळा थंडाचं गरम झाल्यावर नोंदही पुसतो. गॅरेजमधून गाडी घेताना बिलावर कोड आणि बदललेल्या पार्टचं नाव दोन्ही लिहून घ्या, जुना पार्ट मागून घ्या, आणि दुरुस्तीआधीचे-नंतरचे स्क्रीनशॉट त्या बिलाच्या फोटोबरोबर मोबाइलमध्ये एका जागी ठेवा.